जास्त कर, चांगल्या सार्वजनिक सेवा : मतदार खरोखर तयार होतात का?

जमाखर्च (धागालेखक)

कर वाढवण्याची भाषा करणारा पक्ष निवडणूक हरतो, असे राजकारणी, पत्रकार आणि आपण सामान्य मतदारही गृहीत धरून चालतो. रुग्णालयांत खाटा अपुऱ्या आहेत, शाळांत शिक्षक कमी आहेत, वृद्धांच्या देखभालीचा सगळा भार घरच्यांवर पडला आहे, या तक्रारी सर्वांच्याच असतात; परंतु त्यासाठीचा पैसा कोठून यायचा असे विचारले, की चर्चा "आधी उधळपट्टी थांबवा" आणि "श्रीमंतांकडून घ्या" या दोन वाक्यांवर येऊन थांबते. हे गृहीतक खरे असेल, तर सार्वजनिक सेवा सुधारण्याचा लोकशाही मार्गच बंद आहे असे मानावे लागेल. मला ते पटत नाही आणि का पटत नाही हे सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

ब्रिटनमध्ये 'ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स' या पाहणीत १९८३ पासून एक साधा प्रश्न विचारला जातो : आरोग्य, शिक्षण व सामाजिक लाभ यांवरील खर्च आणि त्यासाठी लागणारे कर, हे दोन्ही वाढवावेत, आहेत तसे ठेवावेत, की कमी करावेत? दोन्ही कमी करा असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण कित्येक दशके दहा टक्क्यांच्या आतच राहिले. खरी ओढाताण 'वाढवा' आणि 'आहे तसे ठेवा' या दोन गटांतच झाली. सेवांची अवस्था खालावत गेली तेव्हा पहिला गट फुगला आणि सरकारने खर्च वाढवल्यावर तो पुन्हा ओसरला. याचा अर्थ लोक डोळे मिटून उत्तर देत नाहीत. समोर काय चालले आहे ते पाहून आपले मत बदलतात.

याच देशातले पुढचे उदाहरण प्रत्यक्ष करवाढीचे आहे. लेबर पक्षाने २००१ च्या निवडणुकीत प्राप्तिकराचे दर न वाढवण्याचे वचन दिले होते. एप्रिल २००२ मध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी प्राप्तिकराच्या दरांना हात न लावता नॅशनल इन्शुरन्सच्या, म्हणजे सक्तीच्या सामाजिक विम्याच्या, वर्गणीत कर्मचारी आणि मालक या दोघांसाठी एक टक्क्याची वाढ जाहीर केली आणि हा पैसा राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी आहे, असे स्पष्ट सांगितले. त्याआधी डेरेक वॉनलेस या बँकिंग क्षेत्रातील अनुभवी गृहस्थांकडून पुढील वीस वर्षांत या सेवेला किती निधी लागेल, याचा अभ्यास करून घेतलेला होता. वाढ एप्रिल २००३ पासून लागू झाली आणि २००५ मध्ये तोच पक्ष पुन्हा निवडून आला. तो या करामुळे जिंकला असे मी म्हणत नाही. पण या करामुळे तो हरलाही नाही, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

राज्यशास्त्रज्ञ मार्गारेट लेव्ही यांनी १९८० च्या दशकात मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. नागरिक कर देतात ते केवळ दंडाच्या भीतीने देत नाहीत. सरकार आपला शब्द पाळेल आणि इतर लोकही आपापला वाटा उचलतील, असा विश्वास असेल तर ते बऱ्याच अंशी आपणहून देतात, असे त्यांचे म्हणणे आहे. मला तर असे वाटते, की करवाढीचा प्रश्न दरांविषयी फार कमी असतो आणि या दोन विश्वासांविषयी पुष्कळ असतो. आपली मते वाचायला आवडतील, विशेषतः विरोधी.

सावधपणे

धागा चांगला आहे, परंतु ब्रिटनचा इतिहास २००२ पासून सुरू केला की चित्र सोयीचे होते, म्हणून मी तो दहा वर्षे मागे नेतो.

१९९२ च्या निवडणुकीत लेबर पक्षाचे जॉन स्मिथ यांनी मतदानाच्या आधी पर्यायी अंदाजपत्रक जाहीर केले. वरच्या उत्पन्नगटावर जास्त कर लावून निवृत्तिवेतन आणि बालकभत्ता वाढवण्याचा तो प्रस्ताव होता. प्रामाणिकपणा म्हणून तो आदर्शच होता. प्रतिस्पर्ध्यांनी लेबर पक्षाच्या करयोजनांना 'करांचा बॉम्बगोळा' ठरवून देशभर फलक लावले होते. जनमत चाचण्यांत लोक सेवांसाठी जास्त कर देण्यास अनुकूल दिसत होते आणि निकालात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष सलग चौथ्यांदा विजयी झाला. लेबर पक्षाने त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. १९९७ मध्ये प्राप्तिकराचे दर वाढवणार नाही आणि पहिली दोन वर्षे आधीच्या सरकारच्याच खर्चाच्या मर्यादा पाळू, असे सांगून तो प्रचंड बहुमताने आला.

आता २००२ कडे पुन्हा पाहावे. ती वाढ निवडणुकीनंतर जाहीर झाली, आधी नव्हे. आणि ती प्राप्तिकरात न करता, अनेकांना कर वाटतच नाही अशा वर्गणीत केली गेली. ज्या वाढीविषयी मतदाराला आधी विचारलेच नाही, तिच्यावर तो रस्त्यावर उतरला नाही म्हणून तिला त्याने मान्यता दिली असे म्हणता येईल का? मला तर येथे सहन करणे आणि स्वीकारणे यांत गल्लत होताना दिसते. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनमध्येच आरोग्य आणि सामाजिक देखभालीच्या नावाने सव्वा टक्क्याची अशीच वाढ जाहीर झाली, एप्रिल २०२२ मध्ये लागू झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रद्दही झाली. उद्देश तोच, साधन तेच, तरीही ती टिकली नाही.

चाचणीत प्रश्न विचारला जातो तेव्हा माणूस आपण कसे असावे याचे उत्तर देतो. मतदान करताना मात्र त्याच्या मनात घरचा महिन्याचा हिशेब असतो. शिवाय 'कर वाढवा' असे म्हणताना तो कर आपल्याच उत्पन्नातून जाणार आहे असे किती जण धरून चालतात, याविषयी मला गंभीर शंका आहे. बहुमताने इतरांवर नव्हे, तर स्वतःवर कर लावून घेतला असे उदाहरण कोणी दाखवावे, मी ते मोकळ्या मनाने वाचेन.

क्षितिजापार

युरोपबाहेरचे एक उदाहरण देतो, कारण श्रीमंत देशांवरूनच निष्कर्ष काढले की "तेथे लोकांना परवडते" असे म्हणून विषय संपवला जातो.

घानाने १९९५ मध्ये १७.५ टक्के दराने मूल्यवर्धित कर लागू केला. त्या वर्षीच्या मे महिन्यात राजधानी अक्रामध्ये फार मोठे मोर्चे निघाले, काही माणसांचे प्राण गेले आणि सरकारने कर मागे घेतला. एवढ्यावर गोष्ट थांबली असती, तर तेथील मतदार कर स्वीकारत नाहीत असेच आपण म्हटले असते. परंतु डिसेंबर १९९८ मध्ये तोच कर १० टक्के दराने पुन्हा आला आणि या वेळी टिकला. २००० मध्ये शिक्षण निधीसाठी त्यात अडीच टक्क्यांची भर पडली. २००३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी त्यासाठी आणखी अडीच टक्के आकारणी सुरू झाली. एकदम नाकारलेल्या ओझ्याच्या बरेच जवळ जाणारे ओझे दहा वर्षांच्या आत टप्प्याटप्प्याने लोकांनी उचलले.

या दोन अनुभवांतला फरक मला फार बोलका वाटतो. पहिल्या खेपेस दर मोठा होता आणि त्या पैशाचे काय होणार हे कोणालाच सांगता येत नव्हते. दुसऱ्या खेपेस सुरुवातीचा दर कमी ठेवला आणि नंतरची प्रत्येक वाढ एका नाव असलेल्या कामाशी जोडली. आरोग्याच्या बाबतीत तर लोकांचा अनुभवच तीव्र होता. विम्यापूर्वी तेथे 'कॅश अँड कॅरी' म्हणून ओळखली जाणारी पद्धत होती, म्हणजे आधी पैसे भरा आणि मग उपचार घ्या. आजारपणात पैशासाठी धावाधाव केलेल्या कुटुंबाला, रोजच्या खरेदीत थोडे थोडे देऊन ती धावाधाव टळणार असेल तर तो व्यवहार समजावून सांगावा लागत नाही.

तळटीप

क्षितिजापार यांनी दिलेल्या उदाहरणाचा पुढचा भागही नोंदवणे आवश्यक आहे. घानात २०१७ मध्ये कायदा करून अशा सर्व राखीव निधींवर मिळून एकूण कर महसुलाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. म्हणजे आरोग्य विम्याच्या नावाने गोळा झालेला सगळा पैसा त्या विम्याला मिळण्याची हमी उरली नाही. विशिष्ट कामासाठी म्हणून लावलेल्या कराचा हा जुना दोष आहे : नवा पैसा एका दाराने येतो आणि आधी दिला जाणारा पैसा दुसऱ्या दाराने काढून घेतला जातो. एकूण तरतूद होती तेवढीच राहते. कागदोपत्री कोणी खोटे बोललेले नसते आणि तरीही करदात्याला फसवल्यासारखे वाटते. ते वाटणे योग्यच आहे, असे माझे मत आहे. राखीव निधीबरोबर "मूळ तरतूद अमुक पातळीखाली जाणार नाही" ही अट कायद्यात नसेल, तर त्या राखीवपणाला अर्थ नाही.

ओंजळ

मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या लेखा विभागात बरीच वर्षे काम केले आहे. तळटीप यांनी सांगितलेली गोष्ट मी आतून पाहिलेली आहे. परंतु त्याहून जास्त नुकसान करणारी दुसरी एक गोष्ट मला येथे सांगायची आहे.

निधी वाढतो तेव्हा तो इमारत आणि यंत्रे यांच्या रूपाने लवकर येतो, माणसांच्या रूपाने फार उशिरा येतो किंवा येतच नाही. इमारतीचा खर्च एकदाच होतो, तिचे उद्घाटन करता येते, छायाचित्र निघते. परिचारिकेचा पगार मात्र दरमहा, वर्षानुवर्षे द्यावा लागतो आणि त्याचे उद्घाटन होत नाही. आमच्याकडे नवा कक्ष उभा राहिला, त्यातील यंत्रेही आली, आणि ती चालवणारी पदे मंजूर न झाल्यामुळे तो कक्ष दीर्घकाळ कुलूपबंद होता. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला अंदाजपत्रकातील वाढ दिसत नाही. त्याला ते कुलूप दिसते. उद्या कोणी त्याच्याकडे आणखी कर मागितला, तर तो नाही म्हणेल, आणि त्याला अडाणी किंवा स्वार्थी म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येईल.

किती कोटी खर्च झाले यापेक्षा किती वेळ थांबावे लागले, हेच माणूस मोजतो. जमाखर्च यांनी सांगितलेल्या २००२ च्या वाढीच्या आगेमागे ब्रिटनमध्ये तातडीच्या विभागातील रुग्णांसाठी चार तासांची आणि नियोजित उपचारांसाठी अठरा आठवड्यांची मर्यादा ही उद्दिष्टे ठेवली गेली होती. त्या उद्दिष्टांवर डॉक्टरांनी टीकाही पुष्कळ केली, कारण घड्याळाकडे पाहून काम करण्याचे स्वतःचे असे दुष्परिणाम असतात. परंतु करदात्याच्या बाजूने पाहिले तर त्याला प्रथमच एक असे माप मिळाले, जे तो स्वतः पडताळून पाहू शकत होता. करवाढ मागणाऱ्याने हे माप आधी जाहीर करावे, अशी माझी अपेक्षा आहे.

नवखा_वाचक

डेन्मार्क, स्वीडन या देशांचा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही? तेथील लोक एवढा कर देऊनही समाधानी असतात असे सतत वाचनात येते. ते मुळातच वेगळ्या स्वभावाचे आहेत का?

जमाखर्च

नवखा_वाचक यांच्या प्रश्नाकडे थोड्या वेळाने कोणीतरी वळेलच. आधी सावधपणे यांच्या मुद्द्याला उत्तर देतो.

१९९२ च्या प्रस्तावातील पैसा मुख्यतः रोख लाभांसाठी होता, तर २००२ चा पैसा प्रत्येक कुटुंबाने वापरलेल्या एका सेवेसाठी होता, हा फरक मला निर्णायक वाटतो. मात्र 'चाचणीत एक आणि मतदान करताना दुसरे' या विसंगतीचे स्पष्टीकरण दांभिकपणा हे आहे, असे मला वाटत नाही. तिचे स्पष्टीकरण एकटे देणे आणि सर्वांनी मिळून देणे यांतील फरकात आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात प्राप्तिकराचा दर कमी झाल्यावर, ज्यांना जुन्याच म्हणजे ५.८५ टक्के दराने कर भरायचा असेल त्यांना तो भरण्याची मुभा ठेवली गेली. फारच थोडे लोक ती मुभा वापरतात. "पाहा, कर हवा म्हणणारे स्वतः देत नाहीत" असा त्याचा अर्थ लावला जातो, पण तो योग्य नाही. माझ्या एकट्याच्या जादा रकमेने एकही शाळा सुधारणार नसेल, तर ती न देणे हे शहाणपणाचेच आहे. सर्व देणार असतील तर मीही देईन, या वाक्यात कोणताही दांभिकपणा नाही. याच राज्यातील मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दहा लाख डॉलरहून अधिक वार्षिक उत्पन्नावर चार टक्क्यांचा जादा कर मंजूर केला, तोही शिक्षण आणि वाहतूक यांसाठी.

याउलट उदाहरण बोगोटाचे आहे. तेथील महापौर अंतानास मोकुस यांनी २००२ मध्ये नागरिकांना स्वेच्छेने दहा टक्के जास्त कर देण्याचे आवाहन केले आणि सुमारे ६३ हजार लोकांनी तो दिला. तिजोरीच्या दृष्टीने ही रक्कम लहान होती हे मान्य. पण कोणतीही सक्ती नसताना, शेजारी देईल याची खात्री नसताना इतक्या लोकांनी पैसे दिले, हे त्या प्रशासनाने कमावलेल्या विश्वासाचे माप आहे. पाणीपुरवठा, वाहतूक शिस्त आणि गुन्हेगारी या बाबतींत झालेले बदल ते लोक रोज अनुभवत होते.

दुसऱ्या बाजूने, इतर लोक वाटा उचलत नाहीत अशी खात्री पटली की लहानशी वाढही पेट घेते. फ्रान्समध्ये २०१८ च्या सुरुवातीला संपत्ती कर रद्द करून त्याजागी केवळ स्थावर मालमत्तेपुरता मर्यादित कर आणला गेला. त्याच वर्षी इंधनावरील कर वाढला आणि नोव्हेंबरात पिवळ्या जाकिटांचे आंदोलन उभे राहिले. पुढची नियोजित इंधन करवाढ सरकारला सोडून द्यावी लागली. केनियात जून २०२४ मध्ये तरुणांनी वित्त विधेयकाविरुद्ध संसदेपर्यंत धडक मारली आणि राष्ट्राध्यक्ष रुटो यांना ते मागे घ्यावे लागले. तेथील घोषणांमध्ये करांच्या दरांइतकाच सत्ताधाऱ्यांच्या चैनीचा आणि भ्रष्टाचाराचा संताप होता.

सावधपणे

मॅसॅच्युसेट्सचे उदाहरण माझाच मुद्दा सिद्ध करते, हे नम्रपणे निदर्शनास आणतो. दहा लाख डॉलर मिळवणारे किती आणि मतदार किती? तो कर बहुतांश मतदारांनी इतरांवर लावला. तो न्याय्य असेलही, परंतु रुग्णालये, शाळा आणि वृद्धांची देखभाल यांचा एकत्रित खर्च मूठभरांच्या उत्पन्नातून भागत नाही, म्हणून मध्यम उत्पन्नगटाला हात घालावाच लागतो. माझा मूळ प्रश्न अजून उभा आहे.

पायवाट

नवखा_वाचक यांच्या प्रश्नातच सावधपणे यांच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आहे.

डेन्मार्कमध्ये एकूण कर राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक असतात. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेची सरासरी चौतीस टक्क्यांच्या आसपास आहे. डेन्मार्कमध्ये मूल्यवर्धित कराचा दर सरसकट २५ टक्के आहे, त्यामुळे गरिबापासून श्रीमंतापर्यंत प्रत्येक जण तो भरतो. स्वभावाचे स्पष्टीकरण मला मान्य नाही. स्वीडनचे राज्यशास्त्रज्ञ बो रॉथस्टाइन यांनी या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले आहे आणि त्यांचा भर स्वभावावर नसून कारभाराच्या निःपक्षपातीपणावर आहे. ओळख, लाच किंवा जात-वर्ग न पाहता कचेरीतला माणूस प्रत्येकाला सारखे वागवतो असा अनुभव आला, की लोक संस्थांवर विश्वास ठेवतात. आणि सेवा केवळ गरिबांसाठी न ठेवता सर्वांसाठी ठेवली, की कर देणारा आणि सेवा घेणारा हे दोन वेगळे गट उरत नाहीत.

येथेच अनेक देशांची घसरण सुरू होते. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये दाखवून दिले होते, की एखाद्या संस्थेचा दर्जा घसरला की लोकांपुढे दोन वाटा असतात, बाहेर पडणे किंवा आत राहून आवाज उठवणे. आणि ज्यांना दर्जाची सर्वाधिक चाड असते तेच बहुधा आधी बाहेर पडतात. सार्वजनिक शाळेतून मूल काढून खासगी शाळेत घालणारे पालक हेच मुख्याध्यापकांना जाब विचारणारे पालक असतात. ते गेले की शाळा अधिक घसरते आणि ते पालक मात्र एकाच सेवेसाठी दोनदा पैसे मोजू लागतात, एकदा करातून आणि एकदा शुल्कातून. अशा कुटुंबाला आणखी कर मागितला तर "मला त्याचे काय?" हा त्यांचा प्रश्न रास्त असतो. माझ्या मते करवाढीचा निकाल याच वर्गाच्या हातात असतो. खासगी शुल्कात जे दिले जाते त्यापेक्षा कमी रकमेत तीच सेवा सार्वजनिक रूपाने मिळू शकते, हे त्याला आकड्यांत दाखवता आले पाहिजे. ते दाखवण्याचे कष्ट फारच थोडे पक्ष घेतात.

कॅलिफोर्नियाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. १९७८ मध्ये तेथील जवळजवळ ६५ टक्के मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर करून मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधून टाकला. घरांच्या किमती आणि त्याबरोबर कराची बिले झपाट्याने वाढत होती, त्यामुळे निवृत्त लोकांची भीती खरी होती. परंतु शाळांचा मोठा आधार त्याच करावर होता. २०१२ मध्ये शाळांत मोठी कपात समोर दिसत असताना त्याच राज्यातील सुमारे ५५ टक्के मतदारांनी 'प्रपोझिशन ३०' मंजूर केला. त्यात वरच्या उत्पन्नगटावरील जादा प्राप्तिकराबरोबर सर्वांनाच लागणाऱ्या विक्रीकरात पाव टक्क्याची वाढ होती. दोन्ही वाढींना मुदत होती.

सावधपणे

पायवाट यांचे विवेचन आवडले. त्या उदाहरणाचा शेवट मात्र मी सांगतो. २०१६ मध्ये मुदतवाढीचा प्रश्न आला तेव्हा वरच्या गटावरील कर २०३० पर्यंत वाढवला गेला आणि सर्वांवरील पाव टक्का संपू दिला गेला.

जपानमध्ये लोकसंख्येचे वय वाढत असल्यामुळे निवृत्तिवेतन आणि आरोग्याचा खर्च कोणालाही टाळता येणार नव्हता, तरीही उपभोग कर १९८९ मध्ये तीन टक्के, १९९७ मध्ये पाच, २०१४ मध्ये आठ आणि २०१९ मध्ये दहा, असा तीस वर्षे रखडत वाढला. २०१२ मध्ये पंतप्रधान नोदा यांनी विरोधकांना बरोबर घेऊन, सामाजिक सुरक्षेच्या खर्चाशी जोडून ही वाढ संमत करून घेतली आणि त्याच डिसेंबरात त्यांच्या पक्षाचा दारुण पराभव झाला. पराभवाची इतरही कारणे होती, पण पुढच्या नेत्याने यातून धैर्य घ्यावे असे त्यात काही नव्हते. स्वित्झर्लंडमध्ये, जेथे लोकांना थेट विचारले जाते, मार्च २०२४ मध्ये वृद्धांना वर्षाला एका महिन्याचे जादा, म्हणजे तेरावे, निवृत्तिवेतन देण्याचा प्रस्ताव ५८ टक्क्यांनी मंजूर झाला. त्याचा पैसा कोठून येणार हे त्या प्रस्तावात लिहिलेले नव्हते. लाभाला होकार आणि कराविषयी मौन, हीच माझी भीती आहे.

मध्यरेषा

स्वित्झर्लंडचा विषय निघाला आहे तर तेथील इतर मतदानेही पाहावीत, कारण सावधपणे यांनी मागितलेले उदाहरण तेथेच आहे. मूल्यवर्धित कराचे कमाल दर त्या देशाच्या राज्यघटनेत लिहिलेले असल्यामुळे वाढ करायची तर जनतेला विचारावेच लागते, आणि तो कर प्रत्येक जण भरतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये रेल्वेच्या निधीसाठी त्यात ०.१ टक्क्याची मुदतबंद वाढ समाविष्ट असलेला प्रस्ताव ६२ टक्क्यांनी मंजूर झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये वृद्धापकाळाच्या विम्यासाठी प्रमुख दर ७.७ वरून ८.१ टक्के करण्यास ५५ टक्क्यांनी होकार दिला. बहुमताने स्वतःवर कर लावून घेतला, तोही निनावी मतपत्रिकेवर.

सेवा आधी की कर आधी, या प्रश्नावर स्टॉकहोमचा क्रम मला अनुकरणीय वाटतो. शहरात येणाऱ्या वाहनांवर गर्दी कर लावायचा होता आणि सुरुवातीला बहुसंख्य लोक विरोधात होते. ऑगस्ट २००५ मध्ये प्रथम जादा बससेवा सुरू झाली, जानेवारी ते जुलै २००६ कर प्रायोगिक म्हणून लागू झाला, वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली आणि मग प्रयोग थांबवून सप्टेंबरात मतदान घेतले. शहरातील बहुमताने कर कायम ठेवण्याच्या बाजूने मत दिले.

ओंजळ

मध्यरेषा, माहितीबद्दल आभार. एक शंका मात्र मला सतत छळते. रेल्वे आणि निवृत्तिवेतन यांचा लाभ सर्वांनाच होतो. परंतु मानसिक आजार, अपंगत्व, दुर्मीळ रोग या सेवा थोड्यांनाच लागतात आणि त्या थोड्यांचा आवाज क्षीण असतो. प्रत्येक कर एका कामाशी जोडून मतदाराला विचारत गेलो, तर लोकप्रिय सेवा भरभराटीला येतील आणि ज्यांना सर्वाधिक गरज आहे ते रुग्ण मागे राहतील. माझ्या विभागात मी अशा रुग्णांच्या कुटुंबांना रिकाम्या हाताने परतताना पाहिले आहे, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी तात्त्विक नाही.

मध्यरेषा

आपली शंका अतिशय महत्त्वाची आहे आणि तिचे पूर्ण निरसन होईल असे कोणतेही उत्तर माझ्याकडे नाही. सर्वच सेवा अशा जोड-करांवर चालवू नयेत, मोठा भाग सर्वसाधारण महसुलातूनच यावा, असे माझेही मत आहे. तरीही आपण म्हणता नेमक्या त्याच सेवेविषयीचा एक अनुभव सांगतो.

स्वित्झर्लंडचा अपंगत्व विमा अनेक वर्षे तोट्यात होता आणि त्याची तूट वृद्धापकाळ विम्याच्या निधीतून भरली जात होती. मे २००४ मध्ये दोन्ही विम्यांसाठी मूल्यवर्धित कर वाढवण्याचा मोठा प्रस्ताव मतदानाला आला आणि दोन तृतीयांशांहून अधिक मतदारांनी तो फेटाळला. त्यानंतर सरकारने प्रस्ताव नव्याने बांधला. फक्त अपंगत्व विमा, प्रमुख दरात ०.४ टक्क्याची वाढ, ठरलेली मुदत, आणि या विम्याचा निधी वृद्धापकाळ निधीपासून वेगळा करण्याची तरतूद, म्हणजे तळटीप यांनी सांगितलेल्या 'दुसऱ्या दारा'ला कुलूप. २७ सप्टेंबर २००९ रोजी, आर्थिक मंदीच्या काळात, ५४.६ टक्के मतदारांनी तो मंजूर केला. घटनादुरुस्तीसाठी कॅन्टन म्हणजे प्रांतांचेही बहुमत लागते. ते अगदी थोडक्यात मिळाले. बहुसंख्य मतदारांना स्वतःला ज्याचा लाभ कधीच होणार नव्हता, अशा सेवेसाठी त्यांनी प्रत्येक खरेदीवर जास्त कर द्यायचे ठरवले.

ही वाढ २०११ च्या आरंभी लागू झाली आणि २०१७ च्या अखेरीस तिची मुदत संपली. सप्टेंबर २०१७ मध्ये त्या ०.४ टक्क्याचा बहुतेक भाग वृद्धापकाळ विम्याकडे वळवण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला, तो त्यांनी नाकारला. १ जानेवारी २०१८ पासून अपंगत्व विम्याचे ०.४ टक्के निघून गेले, २०१४ मध्ये रेल्वेसाठी मंजूर झालेला ०.१ टक्का सुरू झाला आणि प्रमुख दर ८ वरून ७.७ टक्क्यांवर आला. सरकारने सांगितलेल्या दिवशी कर खरोखरच कमी केला. त्यानंतर पाच वर्षांच्या आत, २०२२ मध्ये, त्याच मतदारांनी पुन्हा वाढीला होकार दिला.